पेनाने लिहायचा रकाना

“तू बुटकी हो,” शाल्मली म्हणाली. “तुला शोभेल.”

मी नुकतीच चप्पल काढून सतरंजीच्या कडेला टेकले होते. ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. ऋजुता फिस्सकन हसली. केतकीने हसू दाबलं, पण दाबलंय हे मला दिसेल असं दाबलं.

“उंचीवरून नाही हं म्हणत,” शाल्मली म्हणाली. म्हणजे उंचीवरूनच म्हणत होती. “बुटके हा खेळातला एक वंश आहे. माणसं, एल्फ, बुटके, अर्धराक्षस. आधी वंश निवडायचा, मग पेशा. योद्धा, मांत्रिक, चोर, वैद्य. आमच्याकडे वैद्याची जागा रिकामी आहे, त्यामुळे पेशा तुला तोच घ्यावा लागेल. वंश तेवढा तुझा तू ठरव.”

दोन हजार सातची गोष्ट. मी एमसीएच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला कॉट हवी होती. कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये चार कॉट होत्या. चौथीवरची मानसी लग्न होऊन बंगळूरला गेली, तिच्याबरोबर त्यांच्या खेळातली वैद्यही गेली. शाल्मलीच्या भावाने अमेरिकेहून एक जाडजूड पुस्तक आणि वीस-वीस बाजूंचे फासे पाठवले होते, आणि दर रविवारी दुपारी तिघी ते घेऊन बसत. शाल्मली गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी गोष्टीतली एकेक व्यक्ती व्हायचं आणि ‘मी आता असं करते’ म्हणायचं. जमलं की नाही ते फासा सांगणार, आणि फाशाच्याही वर शाल्मली. नव्या मुलीने कॉट मागितली की आधी एक रविवार तिला खेळायला बसवायचं, अशी त्या घराची पद्धत होती. “तीन तास खेळलं की माणूस कळतो,” असं शाल्मलीने मला फोनवरच ऐकवलं होतं. मी हो म्हटलं. अडला हरी, दुसरं काय.

हरी बराच अडला होता. मी आत्याकडे राहत होते. एक खोली, सात माणसं, आणि येत्या शुक्रवारी आत्येभावाची नवी नवरी घरात येणार होती. त्यानंतर त्या जमिनीवर मी मावणार नव्हते. होस्टेलच्या यादीत नाव लागलं नव्हतं. आधी दोन ठिकाणी खोल्या पाहून झाल्या होत्या. दोन्हीकडे आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग ‘कळवतो’ म्हणाले. हे तिसरं घर. इथेही नाही जमलं तर सोलापूरला परत जायचं आणि शिक्षण गुंडाळायचं, हे घरात ठरलेलं होतं.

“विटकर म्हणजे कुठले?” ऋजुताने विचारलं.

“सोलापूरचे.”

“आत्ता कुठे राहतेस?”

“दीप बंगला चौकात.”

हे खरं होतं. चौकातून आत वडारवाडीत किती गल्ल्या जायचं, ते तिने विचारलं नाही.

“आणि बाबा?”

“बांधकामात आहेत.”

हेही खरंच होतं. हे वाक्य मला अप्पांनीच दिलं होतं, सोलापूरच्या स्टँडवर एसटीत बसवताना. खिडकीचा गज धरून म्हणाले होते, “कुणी इचारलं तर बांधकामात हायत म्हण. खोटं नाय ते.”

“म्हणजे बिल्डर!” ऋजुताचा आवाज एकदम मऊ झाला. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

शाल्मलीने पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. “हे बघ तुझे बुटके.”

पानभर चित्र होतं. आखूड, रुंद खांद्याचा पुरुष, दंड तटतटलेले, हातात घण, पायाशी फुटलेला दगड. त्याला लांब दाढी होती आणि अंगात चिलखत होतं. दाढी काढून चिलखताच्या जागी भोकं पडलेला बनियन घातला असता तर ते माझे अप्पा होते. घण धरायची पद्धतसुद्धा तीच. मी चित्रावरून नजर काढली तर समोर केतकी माझ्याकडेच बघत होती.

“दगडातलं सगळं कळतं यांना,” शाल्मली सांगत होती. “खाणीत राहतात. रांगडे असतात, आंघोळीबिंघोळीची फारशी आवड नसते. पण कामाला वाघ.”

“थोडक्यात, गडीमाणसं,” केतकी म्हणाली.

मला वाटलं, यांना सगळं कळलंय आणि मला मुद्दाम खेळवतायत. आज मी शपथेवर सांगेन, त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. त्या नुसत्याच उद्धट होत्या.

“मला एल्फ व्हायचंय,” मी म्हणाले.

“एल्फ?” शाल्मलीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “एल्फ उंच असतात. गोऱ्यापान. नाजूक.”

“खेळात माझी उंची कोण मोजणार आहे?”

“मोजत नाही कुणी. पण वागणं तसं लागतं. मधेच विसरलीस तर मी सोडणार नाही, आधीच सांगते.”

“नाही विसरणार.”

तिने माझ्यापुढे शंभर पानी वही टाकली. पहिल्या पानावर पट्टीने रकाने आखलेले होते. नाव, वंश, पेशा, शक्ती, शस्त्र, सामान. मी सतरंजीवर पडलेली पेन्सिल उचलली तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पेन दिलं.

“वंश पेनाने लिहायचा. बाकी सगळं पेन्सिलने. शक्ती वाढते, शस्त्र तुटतं, पेशासुद्धा बदलता येतो. वंश बदलत नाही. आमचा नियम आहे.”

मी पेनाने ‘एल्फ’ लिहिलं. अक्षर छान आलं होतं, मला आठवतंय. माझी एल्फ उत्तरेच्या अरण्यातल्या राजवाड्यात वाढलेली होती, तिला नोकरचाकर होते आणि जमिनीला पाय लावायची तिला सवय नव्हती. हे सगळं मीच सांगितलं आणि शाल्मलीने मान डोलावली. खोटं बोलायला मजा येते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

खेळ सुरू झाला. ऋजुताच्या योद्ध्याचं नाव वज्रा, आणि ही वज्रा दोन वर्षांपासून जिवंत होती. तिच्या वहीची चाळीस पानं भरली होती, जखमासुद्धा तारीखवार लिहिलेल्या होत्या. केतकी चोर होती. पहिला दीड तास मी नुसत्या शिव्या खाल्ल्या. मी दार ढकललं तर ‘एल्फ दारं ढकलत नाहीत, कुणीतरी उघडायची वाट बघतात.’ मी पोतं उचललं तर ‘उचलणार कशी, हात बघ जरा तिचे.’ एकदा चुकून म्हणाले, “मी खाली बसते,” तर केतकी म्हणाली, “उकिडवी?” आणि तिघी खिदळल्या. मी गिळत राहिले. गरजवंताला अक्कल नसते असं म्हणतात. अक्कल असते, ती बाजूला ठेवावी लागते.

मग आम्ही गुहेत शिरलो आणि मागे दरड कोसळली. शाल्मलीने आवाज खाली आणला. तोंडावर एकच अखंड शिळा येऊन बसली होती, हत्तीएवढी. दुसरी वाट नाही. त्यात वज्राला विषारी भाला लागलेला. विषावरची मुळी वैद्याला, म्हणजे मला, माहीत होती, पण ती उगवत होती बाहेर, ओढ्याकाठी. दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत बाहेर नाही पडलो तर वज्रा संपली.

ऋजुताने घणाघाती वार केले. फासा पडला तीनवर. केतकीने फटी शोधल्या. फट नव्हती. मंत्र कुणाकडेच नव्हता. पंधरा मिनिटं तिघी एकमेकींवर ओरडत होत्या. ऋजुता खरोखर रडकुंडीला आली होती. “शामू, दोन वर्षं गं! असं नको ना करूस!”

“मी काय करतेय? गुहेत जायचं तुम्हीच ठरवलंत,” शाल्मली म्हणाली. तिला मजा येत होती.

माझ्या तोंडून निघून गेलं. “लोखंडी खिळे आहेत ना केतकीकडे?”

“आहेत. चढायला वापरायचे. बारा.”

“वज्राचा हातोडा आहे. आणि आपल्या सामानाच्या पेटीचं लाकूड वाळलेलं आहे ना?”

“असेल. का?” शाल्मलीने विचारलं.

“शिळेवर एका सरळ रेषेत छिद्रं पाडायची, वीतभर अंतरावर. खिळा धरून हातोड्याने. पेटीच्या फळ्या तोडून वाळक्या लाकडाच्या पाचरी करायच्या आणि छिद्रांत घट्ट ठोकायच्या. मग त्यांवर पाणी घालायचं. लाकूड फुगतं. आपल्याला काही करावं लागत नाही. दगड आपोआप रेषेवर उकलतो.”

केतकी माझ्याकडे पहिल्यांदाच माणसाकडे बघावं तसं बघत होती.

“होतं असं?” ऋजुताने विचारलं.

“होतं.”

“मग करूया! शामू, आम्ही हे करतो.”

शाल्मलीने पुस्तक मिटून मांडीवर घेतलं. “नाही करता येणार.”

“का?”

“कारण हे हिला माहीत आहे. हिच्या एल्फला माहीत नाही. ती राजवाड्यात वाढली, तिला दगडातलं काय कळतं? हे बुटक्यांना कळतं. मी बुटकी हो म्हटलं तेव्हा नाक मुरडलंस ना? आता भोग.”

नियमाने तिचं बरोबर होतं. आपल्याला ठाऊक असलेलं आपल्या पात्राच्या तोंडी घालायचं नाही, हे तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण ऋजुता आता ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. दीड तास माझी टर उडवणारी तीच बाई माझा दंड धरून म्हणाली, “अगं, काहीतरी सांग ना तिला! तुझी एल्फ हे कुठे शिकली ते सांग. काहीही चालेल.”

शाल्मली उपकार केल्यासारखी म्हणाली, “ठीक आहे. पहिलाच दिवस आहे म्हणून मदत करते. तुमच्या राजवाड्यात कुणी बुटका गडी असेल. दगड फोडायला ठेवलेला. त्याला तू सज्जातून कधी लांबून बघितलं असशील. एवढं म्हण, मी चालवून घेते.”

“म्हण, म्हण,” ऋजुता म्हणाली. “आणि शामू, कॉट पण देऊन टाक हिला. माझी वज्रा वाचवली तर माझ्याकडून हो आहे.”

“माझंही हो,” केतकी म्हणाली.

शाल्मलीने खांदे उडवले. “म्हटलं तर माझंही.”

एक वाक्य होतं. आमच्याकडे एक गडी होता, त्याला मी लांबून बघितलं. तेवढं म्हटलं की शुक्रवारी नव्या नवरीला जागा करून मी इथे येणार, खिडकीजवळच्या कॉटवर, टेबल-दिव्यासकट. मी तोंड उघडलंसुद्धा. “आमच्याकडे एक,” इथपर्यंत म्हणाले. पुस्तक शाल्मलीच्या मांडीवर मिटलेलं होतं, पण मला ते चित्र दिसत होतं. दाढी नसलेलं.

“गडी नाही,” मी म्हणाले. “बाप.”

“काय?”

“मी लांबून नाही बघितलं. त्याच्या हाताखाली शिकले. बाप आहे तो माझा.”

“एल्फचा बाप बुटका नसतो गं,” शाल्मली वैतागून म्हणाली. “वंश कळतो का तुला?”

“मग ती एल्फ नाही. मी खोटं लिहिलं.”

“पेनाने लिहिलंयस.”

“पेनाने खोटं लिहिता येतं.”

आता केतकीच्या काहीतरी लक्षात आलं. ती सावकाश म्हणाली, “एक मिनिट. ही खेळातलं बोलतेय की...”

“दोन्हीतलं,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. “माझे वडील दगड फोडतात. बिल्डर नाहीत. बिल्डरला दगड लागला की त्यांना बोलावतात. आम्ही वडार आहोत. दीप बंगला चौकातून आत गेलं की वडारवाडी लागते, तिथे मी राहते. आणि ते रोज आंघोळ करतात. दोनदा करतात, कारण सकाळी कामावर जायच्या आधी पूजा असते आणि संध्याकाळी अंगभर दगडाची भुकटी असते.”

“तसं काही कुणी म्हणत नव्हतं,” ऋजुता म्हणाली. माझ्या दंडावरचा तिचा हात निघाला होता.

“जातीचा इथे काय संबंध?” शाल्मलीचे कान लाल झाले होते. “आम्ही असलं काही मानत नाही. प्रश्न खोटं बोलण्याचा आहे. तू आमच्याशी खोटं बोलून इथे येऊन बसलीस. अशा मुलीबरोबर एका घरात कसं राहायचं?”

“नका राहू.”

“आणि खेळातला निर्णय असा, की वैद्याला दगडातलं काही माहीत नाही. शिळा हलत नाही. दुसऱ्या दिवशीचा सूर्य मावळतो. वज्रा मरते.”

“शामू!” ऋजुता किंचाळली. “हिचा राग तू माझ्यावर का काढतेस?”

त्यांची जुंपली. मी वहीचं पहिलं पान फाडून घेतलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि चप्पल घातली. मला कुणी थांबवलं नाही, आणि थांबवावं असं मलाही वाटत नव्हतं. त्या क्षणी मला एवढंच वाटत होतं की जाताना ते फासे गॅलरीतून खाली फेकून द्यावेत.

जिन्याच्या तळाशी पोचले तर मागून पावलं वाजली. ऋजुता अनवाणीच उतरून आली होती.

“एक वाक्य म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यासाठी नव्हतं. “गडी होता, एवढंच म्हणायचं होतं. खेळ होता तो!”

“मग म्हण तुझ्या बापाला गडी. खेळ म्हणून.”

मी फाटक उघडलं. तेव्हा ती मागून म्हणाली, “खरंच फुटतो का गं? नुसत्या लाकडाने आणि पाण्याने?”

“फुटतो.”

“किती वेळात? सूर्यास्ताच्या आत फुटला असता?”

मला सांगता येईना. मी आठवून पाहिलं. अप्पा दिवस कलताना पाचरींवर पाणी घालायचे आणि आम्ही घरी जायचो. दुसऱ्या दिवशी मी यायचे तेव्हा शिळा दोन तुकड्यांत पडलेली असायची. मधलं मला ठाऊक नव्हतं. “जा वर,” मी तिला म्हणाले, आणि निघाले.

कर्वे पुतळ्यापर्यंत चालत आले आणि फूटपाथवर उभी राहून अप्पांना फोन लावला. घरी आम्ही वडारीत बोलतो. इथे मराठीत लिहिते.

“खोली झाली काय?” त्यांनी आधी तेच विचारलं.

“नाही.”

“आडनाव सांगितलं व्हतंस?”

“सगळंच सांगितलं.”

“बांधकामात म्हणायचं की गं.”

“ते म्हणून झालं, अप्पा. नंतर खरं सांगितलं.”

मला वाटलं, आता म्हणतील, ये परत. त्याआधी मीच विचारलं, “अप्पा, पाचरीला पाणी घातल्यावर दगड फुटायला किती वेळ लागतो?”

“आँ? तुला कशाला पायजे ते?”

“हवंय. सांगा ना.”

“दगडावर हाय. काळा असंल तर रात्र घेतो. लाकूड वाळकं पायजे, आन् पानी एकदाच घालून भागत नाय, उठून उठून घालावं लागतं. मी जायचो की राती, कंदील घिऊन.” त्यांचा आवाज बदलत चालला होता. “भोकं किती लांब ठेवणार?”

“वीतभर.”

“वीत?” अप्पा हसले. “वीतभर ठेवलं तर जन्मात फुटायचा नाय. चार बोटं ठेवायची. वीतभर ठेवलं तर नुसत्या पाचरी भिजतील, दगूड हाय तिथं हाय.”

वज्रा तशीही मेलीच असती. “मला वीतभर दिसायचं,” मी म्हणाले.

“दिसंल की. तू कुटं जवळ हुतीस? बाभळीखाली पुस्तक घिऊन बसायचीस. लांबनं तसंच दिसतं.” मग घाईने म्हणाले, “तुझं काय चुकलं नाय त्यात. मीच बसवत व्हतो लांब. म्हटलं, हिच्या हाताला दगूड लागाया नको.”

मी हाताखाली शिकले, असं मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते. आणि लांबून बघितलं असशील हे शाल्मलीचं वाक्य, जे म्हणायचं नाही म्हणून मी कॉटवर पाणी सोडलं, ते शब्दाशब्दाने खरं होतं. सज्जातून नाही, बाभळीखालून, एवढाच फरक.

“मी परत येणार नाही, अप्पा,” मी म्हणाले. “आत्याकडेच राहीन. ओट्याखाली झोपेन.” पुढची दोन वर्षं मी तिथेच झोपले, आणि ती नवी नवरी माझी पुस्तकं पिठाच्या डब्यावर ठेवायची. पण ते नंतरचं.

“बरं,” ते म्हणाले. “ठेवू का?”

“थांबा.” मी पर्समधलं पान काढलं. एका बाजूला पट्टीने आखलेले रकाने होते, पेनाने लिहिलेलं ते सुंदर अक्षर होतं. मी पान उलटं केलं, बसस्टॉपच्या पत्र्यावर धरलं आणि फोन खांद्याने कानाशी दाबला.

“पहिल्यापासून सांगा,” मी म्हणाले. “सावकाश. मी लिहून घेते.”